पोत्यातलं सोयाबीन आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल

प्रश्न : ताई, मी नेर तालुक्यातला शेतकरी, वय ५२. दरवर्षी सोयाबीन पेरतो, त्यात तुरीचे तास असतात, थोडा कापूसही असतो. मागच्या महिन्यात तपासणी शिबिरात रक्त दिलं. अहवाल असा आला : एकूण कोलेस्टेरॉल २४०, एलडीएल १६२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली. मुलगी नर्सिंग शिकते. ती म्हणते, ‘बाबा, सोयाबीनच्या प्रथिनानं कोलेस्टेरॉल उतरतं, रोज वड्या खा.’ आमचे काका म्हणतात, सोयाबीन ढोरा-कोंबड्यांचं खाणं आहे, माणसानं त्याच्या नादी लागू नये. माझ्या घरात तर सोंगणी होऊन पोते थप्पी लावून ठेवले आहेत. खरं काय? किती खायचं? घरचं सोयाबीन चालेल की दुकानातल्या वड्याच लागतील? आणि ते खाऊन गोळी बंद करता येईल का?
एक वाचक, नेर (जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला थांबून चालणार नाही. गोळी बंद करू नका. सोयाबीन जरूर खा, पण गोळी चालू ठेवून. तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन सहा-एक आठवडे नेमानं खाल्लं, तर आजवरच्या प्रयोगांची सरासरी सांगते की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तीन-चार टक्क्यांनी उतरतं. तुमचे १६२ त्यानं १५६-१५७ वर येतील. कोलेस्टेरॉलसाठी बहुतेकांना दिली जाणारी स्टॅटिन जातीची गोळी मध्यम मात्रेतही एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते. म्हणजे १६२ चे ११३ किंवा त्याहूनही कमी. एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही, हे या आकड्यांवरून तुमच्या लक्षात येईल.

तरी मुलगी चुकलेली नाही. ती म्हणते ते घडतं. फक्त जे घडतं ते किती, याचा आकडा गेल्या तीस वर्षांत बराच खाली आला आहे. तो खाली का आला, हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या ताटात काय ठेवायचं आणि काय काढायचं याचं उत्तर त्यातूनच मिळतं.

सुरुवात सशांपासून झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधकांना असं दिसलं की दुधातलं केसीन हे प्रथिन खाऊ घातलेल्या सशांचं कोलेस्टेरॉल चढतं, आणि त्याच्या जागी सोयाबीनचं प्रथिन दिलं तर तसं चढत नाही. माणसांवरचा गाजलेला प्रयोग १९७७ चा, इटलीतल्या मिलान शहरातला. चेझारे सिर्तोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातली चरबी फार वाढलेल्या रुग्णांच्या आहारातलं प्राणिज प्रथिन काढून तिथे सोयाबीनचं प्रथिन दिलं. दोन आठवड्यांत कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांनी, तीन आठवड्यांत २१ टक्क्यांनी उतरलं. ‘लॅन्सेट’मध्ये हा लेख आला तेव्हा स्टॅटिन गोळ्या बाजारात यायच्या होत्या, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांनी तो डोळे विस्फारून वाचला.

पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे जेम्स अँडरसन यांनी तोवर झालेले ३८ प्रयोग एकत्र करून हिशेब केला. त्यांतले लोक रोज सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिन खात होते. एकूण कोलेस्टेरॉल ९.३ टक्के, एलडीएल १२.९ टक्के आणि ट्रायग्लिसराइड १०.५ टक्के घटलं, असं उत्तर निघालं. याच आकड्यांच्या बळावर ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सोयाबीनच्या पदार्थांवर तसा दावा छापायला परवानगी दिली : रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन आणि सोबत कमी संपृक्त चरबीचा आहार घेतला तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. तुमच्या मुलीपर्यंत जे पोचलं आहे त्याचं मूळ बहुधा इथेच. वाक्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ‘सोबत कमी संपृक्त चरबीचा आहार’, हा प्रवासात गळून पडतो आणि २५ ग्रॅमचा आकडा तेवढा पुढे जातो.

मग काटेकोर प्रयोग सुरू झाले. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं २२ प्रयोग तपासले. रोज साधारण ५० ग्रॅम शुद्ध सोया प्रथिन देऊनही एलडीएल जेमतेम तीन टक्के उतरलं होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१२ मध्ये सांगितलं की केवळ सोया प्रथिनामुळे कोलेस्टेरॉल उतरतं हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही. आणि २०१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या प्रशासनानंच आपला १९९९ चा दावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यासाठी त्यांनी ज्या ४६ प्रयोगांकडे बोट दाखवलं, तेच प्रयोग घेऊन कॅनडातल्या टोरांटोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पुन्हा गणित केलं. रोज २५ ग्रॅमच्या आसपास सोया प्रथिन, कालावधी सहा आठवडे, आणि एलडीएलमधली घट दर डेसिलिटरला ४.७६ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. घट लहान होती, पण योगायोगानं आलेली नव्हती. मला हे उत्तर पटतं. तुमचा वरचा हिशेब मी त्यावरूनच केला.

एकवीस टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर घसरण झाली ती कुणी खोटं बोललं म्हणून नव्हे. एक कारण असं की सुरुवातीच्या प्रयोगांतल्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल भयंकर चढलेलं होतं. अँडरसन यांच्या हिशेबातही ज्यांचं एकूण कोलेस्टेरॉल ३३५ च्या वर होतं त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला, आणि ज्यांचं मुळात ठीक होतं त्यांना नगण्य. पण मला दुसरं कारण अधिक मोलाचं वाटतं. काही जुन्या प्रयोगांत सोयाबीन ताटात आलं तेव्हा ताटातून मांस, लोणी, चीज बाहेर गेलं. कोलेस्टेरॉल उतरलं त्याचं सगळं श्रेय मात्र सोयाबीनला मिळालं. नंतरच्या प्रयोगांत दोन्ही गटांना चरबी सारखीच दिली, एका गटाला सोयाबीनचं प्रथिन आणि दुसऱ्याला दुधाचं. तिथे सोयाबीनची एकट्याची ताकद उघडी पडली आणि ती तीन-चार टक्के भरली.

टोरांटोचेच डेव्हिड जेंकिन्स यांनी २०१० मध्ये हे दोन वाटे वेगळे करून दाखवले. सोया प्रथिनाची स्वतःची करामत साधारण ४.३ टक्के. आणि सोयाबीन आल्यामुळे ताटातून जे निघून गेलं त्याची करामत आणखी साडेतीन ते सहा टक्के. दोन्ही मिळून आठ ते दहा टक्के. म्हणून जेवण आहे तसंच ठेवून वर वड्यांची एक वाटी वाढवली, तर लाभाचा अर्ध्याहून अधिक वाटा हातचा जाऊ शकतो.

आता ती चार टक्क्यांची करामत शरीरात होते कशी? कोलेस्टेरॉलपैकी बराचसा भाग आपलं यकृतच बनवतं, आणि रक्तात फिरणारं एलडीएल परत खेचून घेणंही मुख्यतः यकृताचंच काम. त्यासाठी यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतात तसे ते समजा : गळ जितके जास्त, तितकं एलडीएल रक्तातून लवकर बाहेर. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. स्टॅटिन गोळी यकृताची कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रिया रोखते. मग यकृत आपली गरज भागवायला ग्राहक वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. सोयाबीनमध्ये ‘सात-एस’ नावाचा प्रथिनाचा एक गट आहे. प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर या गटाचा एक भाग टाकला तेव्हा त्यांचे एलडीएल-ग्राहक जास्त काम करू लागले, हे मिलानच्याच संशोधकांनी दाखवलं. शिवाय सोया प्रथिन पचताना त्याचे जे लहान तुकडे होतात, ते आतड्यात पित्ताम्लांना चिकटून त्यांना शौचावाटे बाहेर नेतात असं मानलं जातं. पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. ती बाहेर गेली की नवी बनवायला यकृताला पुन्हा कोलेस्टेरॉल लागतं. गोळी आणि वडी यांचा रस्ता असा एका ठिकाणी जाऊन मिळतो. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून दोन्ही चालू ठेवायला हरकत नाही.

सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोन या द्रव्यांमुळे कोलेस्टेरॉल उतरतं असं सांगून त्यांच्या कॅप्सूल विकल्या जातात. त्या घेऊ नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००६ च्या तपासणीत आयसोफ्लेवोनचा एलडीएलवर परिणाम आढळला नाही.

आता तुमच्या ताटाकडे येते. आपल्या भागातलं साधं रोजचं जेवण, म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, यातून काढण्यासारखं फार काही नाही. इटलीतल्या रुग्णांच्या ताटातून रोजचं मांस निघालं. तुमच्याकडे ते रोज नसेलच. मग तपासा की तुमच्याकडे चरबी कुठून येते. बाजाराच्या दिवशीचं मटण आणि त्यावरची तर्री? चहासोबतची टोस्ट-खारी? हॉटेलातले भजी आणि आलुबोंडे? लग्नसराईतलं वनस्पती तुपातलं गोड? जानेवारी २०२२ पासून तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हापासून वनस्पती तूप पूर्वीइतकं घातक राहिलेलं नाही, तरी संपृक्त चरबी त्यात असतेच. सोयाबीन यांच्या जागी आलं पाहिजे. रविवारचं मटण महिन्यातून एकदा आणि बाकीचे रविवार वड्यांचा रस्सा, असा बदल केलात तर तो मोजणीत दिसेल. मात्र वडी रस्सा फार शोषते. तर्रीत बुडालेल्या वड्या खाल्ल्या तर प्रथिनासोबत तेलही तेवढंच पोटात जातं. फोडणी बेताची घाला.

किती खायचं, असं तुम्ही विचारलंत. बाजारातल्या वड्या तेल काढून उरलेल्या पिठाच्या असतात आणि शंभर ग्रॅममागे पन्नासेक ग्रॅम प्रथिन देतात. म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनासाठी सुक्या वड्या ५० ग्रॅम, दोन मुठी. घरच्या सोयाबीनमध्ये प्रथिन चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि तेल वीसेक टक्के. तिथे ६५ ग्रॅम दाणे लागतील. टोफू खायचं तर दोनशे ग्रॅमहून जास्त, आणि सोया दूध प्यायचं तर पाऊण लीटर. रोज पूर्ण २५ ग्रॅम गाठलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. प्रयोगात ते गाठलं कारण मोजायचं होतं. आठवड्यातून चार-पाच दिवस वड्यांची भाजी आणि रोजच्या पिठात थोडं सोयाबीन, एवढं वर्षानुवर्षं टिकतं. एकदम पन्नास ग्रॅमवर गेलात तर पोट फुगेल आणि आठ दिवसांत कंटाळून सोडाल.

घरचं सोयाबीन चालतं. किंबहुना अख्ख्या दाण्यात प्रथिनासोबत असंपृक्त तेलही मिळतं, जे वडी बनवताना निघून गेलेलं असतं. पण दोन गोष्टी जपा, आणि या दोन्हींबाबत मी कडक आहे. पहिली : पेरणीसाठी बुरशीनाशक चोळून ठेवलेलं बियाणं, मग ते रंग लागलेलं असो की धुतलेलं, कधीही खाण्यात घेऊ नका. उरलेली बियाण्याची पिशवी आणि खाण्याचं पोतं एका थप्पीत ठेवू नका. दुसरी : सोंगणीनंतर परतीच्या पावसात गंजी भिजली असेल, दाणा काळा पडला असेल किंवा त्याला बुरशीचा वास येत असेल, तर तो माल खाण्याचा नाही. बुरशीचं विष शिजवून जात नाही.

काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात अनुभव आहे. कच्चं किंवा अर्धकच्चं सोयाबीन खाल्लं तर पोट बिघडतं, हे खरं आहे. दाण्यात ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारं द्रव्य असतं आणि ते उष्णतेनंच मोडतं. म्हणून दळायचं झालं तरी आधी उकळी आलेल्या पाण्यात दाणे टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकडा, निथळून कडक उन्हात वाळवा, मग मंद आचेवर भाजा आणि नऊ वाटे ज्वारी किंवा गव्हात एक वाटा टाकून चक्कीवर न्या. आधी उकडल्यानं दुसराही फायदा होतो. सोयाबीनचा जो हिरवट, कडसर वास घरच्यांना आवडत नाही, तो लायपॉक्सिजनेज नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि तेही उकळत्या पाण्यात निकामी होतं. पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा; तेलाचा अंश जास्त असल्यानं ते लवकर खवट होतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं ट्रिप्सिन अडवणारा मुख्य घटक नसलेलं ‘एनआरसी १२७’ हे वाण खास खाण्यासाठी काढलं आहे. तुमच्या शेतात बहुधा ‘जेएस ३३५’ किंवा त्यानंतरची वाणं असतील, आणि ती सगळी नीट उकडून खाता येतात.

सोयाबीन ढोरा-कोंबड्यांचं झालं ते बाजारामुळे. तुमचा माल बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यात जातो. तिथे तेल वेगळं होतं आणि प्रथिनानं भरलेली ढेप कोंबडीखाद्याला जाते, परदेशी जाते. गावात परत येतं ते फक्त तेलाचं पाकीट. आणि त्या तेलात प्रथिनाचा कणही नसतो. पुष्कळ घरांत मला सांगतात, आम्ही सोयाबीनच खातो की, रोजची फोडणी त्याच तेलाची. भाऊ, त्या फोडणीतून सोया प्रथिन मिळत नाही. तेल म्हणून ते वाईट नाही, त्यात असंपृक्त चरबीच जास्त आहे. पण महिन्याला घरात किती पाकिटं फुटतात ते मोजा आणि कमी करा.

माणसानं सोयाबीन खाण्याचा विचार आपल्या शेजारच्या वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी झाला होता, हे काकांना आवर्जून सांगा. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथे नुकतंच सुरू झालं होतं. गरिबाला स्वस्तात सकस अन्न कसं मिळेल या शोधात त्यांनी मगनवाडीतल्या लोकांच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानातून एफ. एस. काळे यांचं सोयाबीनची लागवड, आहारमूल्य आणि पाककृती यांवरचं मोठं इंग्रजी पुस्तक निघालं. तेव्हा विदर्भात सोयाबीनचं पीक नव्हतं, खायचा उत्साह होता. आज नेरपासून दारव्ह्यापर्यंत पावसाळ्यात नजर जाईल तिथे सोयाबीन आहे आणि घरातल्या डब्यात ते नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आणि सोयाबीनच्याच शेतातल्या तुमच्या तुरीचं काय? २०१४ मध्ये कॅनडात डाळी-कडधान्यांवरचे २६ प्रयोग असेच एकत्र केले गेले. तूर, हरभरा, मसूर, वाटाणा, राजमा यांच्या जातकुळीतलं शिजवलेलं कडधान्य रोज १३० ग्रॅम खाल्लं, म्हणजे घट्ट वरणाची एक भरलेली वाटी, तर एलडीएल साधारण पाच टक्के उतरलं. म्हणजे सोयाबीनच्या बरोबरीनं. म्हणून सोयाबीन घरात कुणालाच आवडलं नाही, तर त्यासाठी भांडण करू नका. पातळ फोडणीचं वरण घट्ट करा, पिठलं, मोकळी उसळ, भिजवलेले हरभरे वाढवा. कोलेस्टेरॉलपुरतं बोलायचं तर मी सोयाबीनला तुरीच्या वर बसवणार नाही. सोयाबीनचा खरा गुण असा की तेवढ्याच वजनात प्रथिन जवळजवळ दुप्पट मिळतं आणि ते मांसाच्या जागी ताटात शोभतं.

सगळं एकत्र केलं तर अन्न किती दूर नेऊ शकतं, याचाही प्रयोग झालेला आहे. जेंकिन्स यांनीच २००३ मध्ये ४६ जणांवर तो केला. सोया प्रथिन, सातू-इसबगोल-भेंडीसारखे चिकट तंतू, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल असा आहार एका गटाला महिनाभर दिला. एलडीएल २८.६ टक्के उतरलं. त्याच प्रयोगात स्टॅटिन घेणाऱ्या गटाचं ३०.९ टक्के उतरलं. हे वाचून कुणाला वाटेल, मग गोळी कशाला? पण ते जेवण संशोधकांनी मोजून हातात दिलेलं होतं. २०११ मध्ये लोकांना तोच आहार समजावून सांगून घरी पाठवलं, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३-१४ टक्केच राहिली. घरात सण असतात, पाहुणे असतात, सोंगणीच्या दिवसांत शेतावरच जेवण होतं. तेरा टक्केही मला कमी वाटत नाहीत, गोळीच्या जोडीला ते फार कामाचे आहेत.

तुमच्या अहवालातले उरलेले दोन आकडे विसरून चालणार नाही. एचडीएल ३६ म्हणजे कमी आणि ट्रायग्लिसराइड २१० म्हणजे जास्त. ही जोडी आपल्या लोकांत फार दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत महाराष्ट्रही होता. त्यात चांगलं मानलं जाणारं एचडीएल कमी असणारे ७२ टक्क्यांवर निघाले, ट्रायग्लिसराइड वाढलेले साडेएकोणतीस टक्के, तर एलडीएल वाढलेले सुमारे बारा टक्के. या जोडीवर सोया प्रथिनाचा फारसा जोर चालत नाही. तिथे साखर, मैदा, पोटाचा घेर आणि दारू यांचं चालतं. दिवसातून पाच-सहा गोड चहा होत असतील तर ते दोनवर आणा. दारू घेत असाल तर थांबवा. ट्रायग्लिसराइड तिनं झपाट्यानं चढतं. तंबाखू-खर्रा असेल तर कोलेस्टेरॉलच्या सगळ्या हिशेबाआधी तो सोडा, कारण धमनी बिघडवायला त्याला चरबीची गरज लागत नाही. शेतात राबणं होतंच, पण सोंगणी संपल्यावरच्या रिकाम्या महिन्यांत रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणं ठेवा. रक्तातली साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या, दोन्ही बिघडले की हे आकडे बिघडतात. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मतःच जास्त असतं आणि तिथे आहाराची ताकद फारच अपुरी पडते.

रक्त पुन्हा सहा ते बारा आठवड्यांनी तपासा. शक्य तो त्याच प्रयोगशाळेत. पाच-सहा अंकांचा फरक दोन तपासण्यांत एरवीही पडतो, त्यामुळे एका अहवालावरून वड्यांना श्रेयही देऊ नका आणि दोषही देऊ नका.

प्रश्न : मला थायरॉइडची गोळी सुरू आहे. मैत्रीण म्हणते, सोयाबीन बंद कर. शिवाय घरात तरुण मुलगा आहे. सोयाबीननं पुरुषांमधले हार्मोन बिघडतात का?
एक वाचक भगिनी, नेर

उत्तर : ताई, बंद करायची गरज नाही, वेळ सांभाळा. सोयाबीन गोळीसोबत पोटात गेलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. गोळी पहाटे उपाशीपोटी घ्या, त्यानंतर अर्धा-एक तास काही खाऊ नका, आणि वड्यांची भाजी दुपारी किंवा रात्री करा. सकाळच्या नाश्त्यात सोया दूध नको. रोज सोयाबीन खायला नव्यानं सुरुवात केलीत तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. मात्रा बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. मुलाची काळजी करू नका. पुरुषांवरच्या प्रयोगांचा २०१० मध्ये एकत्रित हिशेब झाला, त्यात सोया प्रथिनानं टेस्टोस्टेरॉनची पातळी बदललेली आढळली नाही. ज्यांना सोयाबीन खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो, त्यांना त्याची अ‍ॅलर्जी असू शकते. त्यांनी ते कोणत्याही रूपात खाऊ नये. आणि ज्यांची किडनी अधू आहे, त्यांनी रोजचं प्रथिन किती ते डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय वड्या वाढवू नयेत.